आज बोट कोठे आहे?

लष्करच्या खासगी बाजारात राहणाऱ्या माणसाने जहाजांविषयी लेख लिहावा, हे वाचकांस काहीसे विनोदाचे वाटेल. आमच्या गल्लीतून मुंबईचा समुद्र गाठावयाचा, तर आगगाडीने बाराशे किलोमीटरांच्या आसपास प्रवास करावा लागतो. तिघऱ्याचे धरण हेच आमच्यापैकी पुष्कळांच्या दृष्टीने मोठे पाणी. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या मराठी घरांतून फौजेत, दरबारात, शाळेत, गायनात आणि अलीकडे बँकांत माणसे गेली. दर्यावर कोणी गेल्याचे आम्ही ऐकले नव्हते.

परंतु चार वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या घरातील मुलगा सागरी अभियांत्रिकी शिकून जहाजावर नोकरीस लागला, आणि तेव्हापासून संध्याकाळची दिवेलागण झाली की त्याची आजी आमच्या ओट्यावर येऊन बसू लागली. तिचा प्रश्न रोजचा आणि ठरलेला.

"अरे, बघ बरं, आज आमच्या पोराची बोट कुठं आहे?"

आम्ही फोन उघडतो, नकाशा काढतो, आणि समुद्राच्या निळ्या रंगावरील एक बारीक हिरवा ठिपका तिला दाखवतो. आजी चष्मा सावरून पाहते, "म्हणजे कालच्यापेक्षा वर सरकली," असे म्हणते आणि घरी जाते. या एका प्रश्नाचे उत्तर नीट देता यावे म्हणून आम्हांस जे शिकावे लागले, ते ज्या ज्या घरातील मुले आज जहाजावर आहेत त्यांच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

हातगाडी आणि ट्रक

प्रथम हे सांगावयास हवे की मुलगा ज्या जहाजावर आहे ते 'फीडर' जातीचे जहाज. आजीला ही जात समजावून देणे सोपे गेले, कारण तिचे सारे आयुष्य बाजारात गेले आहे. परगावाहून येणारा मोठा ट्रक आमच्या गल्लीत शिरू शकत नाही. तो बाहेर मोठ्या रस्त्यावर थांबतो, माल उतरतो, आणि तेथून हातगाड्या तो दुकानोदुकानी पोहोचवतात. जाताना रिकामी खोकी आणि परतीचा माल पुन्हा ट्रकापाशी आणून देतात. समुद्रावरही हाच व्यवहार आहे.

सर्वांत मोठी कंटेनर जहाजे आज ४०० मीटर लांब व ६१ मीटर रुंद असतात आणि त्यांवर २४ हजारांहून अधिक कंटेनर राहतात. असली जहाजे प्रत्येक बंदरात शिरू शकत नाहीत. तितके खोल पाणी आणि तितक्या उंच क्रेन सर्वत्र नसतात, आणि चारदोनशे कंटेनरांसाठी वाकडी वाट करणे त्यांस परवडतही नाही. म्हणून ती कोलंबो, सिंगापूर, दुबईचे जेबेल अली अशा मोजक्या बंदरांत थांबतात. तेथून कंटेनर उचलून लहान बंदरांना पुरविणारे, आणि तेथला माल गोळा करून मोठ्या जहाजास आणून देणारे, ते फीडर. हजार ते तीन हजार कंटेनरांचे जहाज या व्यवसायात नेहमीचे.

भारताच्या दृष्टीने या हातगाड्यांचे महत्त्व फार. आपल्या देशाचा जो माल एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर चढवावा लागतो, त्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश माल वर्षानुवर्षे परदेशी बंदरांत हाताळला गेला. न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. केरळातील विळिंजम बंदराचे राष्ट्रार्पण २ मे २०२५ रोजी झाले. पालघर जिल्ह्यात वाढवण येथील बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. हा सारा खटाटोप मोठा ट्रक आपल्याच नाक्यावर थांबावा म्हणून आहे. आणि आमच्या भागापासूनही हा व्यवहार दूर नाही. ग्वाल्हेरशेजारी मालनपूरच्या औद्योगिक वसाहतीत कंटेनरांचा डेपो उभा राहिला, तेव्हाच समुद्राचे एक टोक चंबळच्या खोऱ्यापर्यंत आले होते. आमच्या लक्षात मात्र ते आले नव्हते.

जहाजाची कुंडली

मुलगा नवीन जहाजावर रुजू झाला की त्याची आई एका वहीत त्या जहाजाची माहिती उतरवून ठेवते. ही माहिती म्हणजे जहाजाची कुंडलीच होय, आणि ती वाचावयास शिकणे कठीण नाही.

लांबी-रुंदी कोणासही समजते. गोंधळ होतो तो 'टन' या शब्दाने. 'ग्रॉस टनेज' हा जो आकडा लिहिलेला असतो, तो जहाजाचे वजन नव्हे. जहाजाच्या बंदिस्त भागाचे आकारमान किती, याचे ते माप आहे. जहाज किती भार वाहू शकते हे पाहावयाचे तर 'डेडवेट' हा आकडा पाहावा. त्यात माल, इंधन, पाणी, शिधा आणि माणसे सर्व धरलेली असतात. 'ड्राफ्ट' म्हणजे जहाजाचा पाण्याखाली बुडालेला भाग किती खोल आहे, तो आकडा. जहाज भरले की तो वाढतो, रिकामे झाले की घटतो, आणि कोणत्या बंदरात शिरावयाचे हे त्यावर ठरते. कंटेनरांची मोजदाद वीस फुटी पेटीच्या हिशेबाने करतात. वीस फूट लांब, आठ फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच अशी ती पेटी. चाळीस फुटी पेटी असली तर ती दोन धरावयाची.

परंतु कुंडलीतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे एक सात आकडी क्रमांक. जहाजाचे नाव बदलते, मालक बदलतो, ध्वज तर अनेकदा बदलतो. हा क्रमांक मात्र जहाज बांधल्यापासून मोडेपर्यंत तोच राहतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ही पद्धत १९८७ मध्ये स्वीकारली आणि १९९६ पासून ती सक्तीची झाली. या क्रमांकात एक मौज आहे. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३ आणि २ यांनी गुणून बेरीज करावी. तिचा शेवटचा आकडा क्रमांकाच्या सातव्या आकड्याशी जुळला पाहिजे. उदाहरणार्थ, ९१२३२२१ हा क्रमांक घ्या. ६३, ६, १०, १२, ६ आणि ४ यांची बेरीज १०१ होते. शेवटचा आकडा १, आणि क्रमांकाचा सातवा आकडाही १. लिहून घेताना एखादा आकडा चुकला, तर बहुधा या हिशेबात सापडतो. हा क्रमांक आम्ही उगीच निवडलेला नाही. त्या जहाजाची हकिकत पुढे येणार आहे.

ग्वाल्हेरचे जहाज

एकदा वही पाहता पाहता आजी म्हणाली, "आपल्या ग्वाल्हेरच्या माणसांचा बोटींशी काय संबंध? आमचाच पोरगा कसा तिकडे गेला?" तेव्हा आम्ही तिला एका जुन्या जहाजाची गोष्ट सांगितली. ती येथे देणे अस्थानी होणार नाही.

१८९० मध्ये इंग्लंडातील बॅरो येथे कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी एक जहाज पाण्यात उतरले. नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. त्याची कुंडली अशी : लांबी ४५६ फूट, रुंदी ५१ फूट, ग्रॉस टनेज ५९०५, दोन पंखे, वेग ताशी १६ सागरी मैल. पंचवीस वर्षांच्या आसपास हे जहाज कॅनडाचे व्हँकूव्हर आणि जपान-चीनची बंदरे यांच्या दरम्यान उतारूंची ने-आण करीत राहिले. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर, डिसेंबर १९१४ मध्ये, ते ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी विकत घेतले, आणि हिंदी सैनिकांसाठी त्याचे इस्पितळ-जहाज केले. जानेवारी १९१५ मध्ये त्याचे नाव बदलून 'लॉयल्टी' ठेवण्यात आले.

युद्ध संपल्यावर जहाजाचे काम संपले. तेव्हा सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे सहकारी पुढे सरसावले आणि त्यांनी ते विकत घेतले. त्यांच्या नव्या आगबोट कंपनीस 'सिंधिया' हे नाव मिळाले ते या ग्वाल्हेरच्या नात्यानेच. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे निघाली. परक्या कंपन्यांची मक्तेदारी असलेल्या मार्गावर हिंदी मालकीची बोट निघाली, म्हणून त्या दिवसाची आठवण देशात १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळली जाते. 'लॉयल्टी' १९२३ मध्ये मुंबईत मोडीत निघाली. सिंधिया कंपनीने पुढे कित्येक दशके समुद्र गाजविला.

आजीने सारे शांतपणे ऐकले आणि विचारले, "एवढी मोठी बोट होती, तर तेव्हा घरच्यांना कसं कळायचं ती कुठं आहे ते?" खरे सांगावयाचे तर कळत नसे. बंदरास बोट लागली की तार येई, वर्तमानपत्रात आगमन-निर्गमनाच्या यादीत एक ओळ छापली जाई; मधले दिवस निव्वळ वाट पाहण्याचे. आणि 'एवढी मोठी' म्हणावी, तर ती ४५६ फुटांची बोट म्हणजे १३९ मीटर. आज ज्यास आपण लहान, हातगाडीच्या जातीचे जहाज म्हणतो, ते पावणेदोनशे मीटरांचे सहज असते.

ठिपका कसा दिसतो

आता मधल्या दिवसांतही जहाज दिसते. तीनशे ग्रॉस टनेजहून मोठ्या आणि परदेशी बंदरांत जाणाऱ्या प्रत्येक जहाजावर एक स्वयंचलित ओळख-यंत्र बसविणे २००४ च्या अखेरीपासून बंधनकारक आहे. हे यंत्र रेडिओ लहरींवरून सतत पुकारत असते : मी अमुक, माझे स्थान हे, वेग इतका, तोंड अमुक दिशेला. जहाज चालते असले तर दर काही सेकंदांनी, नांगरून उभे असले तर दर तीन मिनिटांनी. नाव, क्रमांक, ड्राफ्ट आणि पुढचे बंदर ही माहिती दर सहा मिनिटांनी जाते. मूळ हेतू असा की अंधारात वा धुक्यात जहाजांची टक्कर होऊ नये. किनाऱ्यावरील यंत्रे ही पुकार ऐकतात, आणि त्यावरून आपल्या फोनवर तो ठिपका उमटतो.

येथे तीन गोष्टी घरच्या माणसांनी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की रेडिओची ही पुकार किनाऱ्यापासून साधारण चाळीस सागरी मैलांपर्यंतच नीट ऐकू येते. एक सागरी मैल १८५२ मीटरांचा. त्यापलीकडे उपग्रहांनी ऐकावे लागते, आणि फुकट मिळणाऱ्या नकाशांवर बहुधा ती माहिती नसते. कोलंबो ते मुंबई हे अंतर सुमारे नऊशे सागरी मैलांचे. ताशी चौदा सागरी मैलांनी गेल्यास चौसष्ट तास लागतात, आणि त्यातील पुष्कळ तास ठिपका एका जागी गोठलेला दिसतो किंवा दिसतच नाही. त्याचा अर्थ एवढाच की ऐकणारा जवळपास कोणी नाही.

दुसरी गोष्ट, पुढचे बंदर व पोहोचण्याची वेळ ही जहाजावरील अधिकारी हाताने लिहितो. तो ती बदलावयास विसरला, तर मुंबईत उभे असलेले जहाज कोलंबोस निघाले आहे असे आपणांस दिसते. तिसरी गोष्ट, स्थान सांगणारे संकेत शत्रुत्वाने बिघडविता येतात. जून २०२५ मध्ये होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आसपास असे झाले, तेव्हा शेकडो जहाजांचे ठिपके भलतीकडेच, काहींचे तर चक्क जमिनीवर दिसत होते. डोळ्यांनी पाहिले म्हणून खरे, असे या नकाशाच्या बाबतीत म्हणता येत नाही.

मे महिन्यातील दोन दिवस

हे सारे ज्ञान आम्हांस होते, आणि तरीही २४ मे २०२५ च्या संध्याकाळी त्याचा काही उपयोग झाला नाही.

मुलाचे जहाज त्या आठवड्यात कोलंबोहून उत्तरेकडे निघाले होते. आदल्या दिवशी दुपारी ठिपका दिसेनासा झाला होता. त्यात नवल नव्हते. जहाजावरचे इंटरनेट बिघडल्याने फोनही नव्हता. आणि २४ तारखेस संध्याकाळी दूरदर्शन संचावर बातमी आली : कोचीजवळ समुद्रात एक कंटेनर जहाज कलंडले आहे. नाव सांगितले गेले ते आमच्यापर्यंत पोहोचलेच नाही. वहिनींनी, म्हणजे मुलाच्या आईने, स्वयंपाकघरातून 'कंटेनर' आणि 'कोची' एवढेच शब्द ऐकले आणि त्या तशाच पिठाच्या हातांनी आमच्याकडे आल्या. पाठोपाठ काठी टेकीत आजी.

तेव्हा वही उघडली. बातमीतील जहाजाचे नाव 'एमएससी एल्सा ३', मुलाच्या जहाजाचे नाव वेगळे. पण वहिनी ते मानावयास तयार नव्हत्या. नावे बदलतात, हे आम्हीच त्यांना शिकविले होते. मग क्रमांक शोधला. संरक्षण खात्याने प्रसिद्ध केलेल्या माहितीत तो होता : ९१२३२२१. वहीतल्या क्रमांकाशी एकेक आकडा बोट ठेवून पडताळला. जुळला नाही. वहिनी मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या.

आम्ही "सुटलो" असे म्हणणार, तोच आजी म्हणाली, "आपला नंबर जुळला नाही, बरं झालं. पण त्या बोटीवरच्या पोरांच्या आया या वेळी काय करत असतील रे?"

तिच्या त्या प्रश्नाने आम्ही ती बातमी पुढे दोन दिवस सोडली नाही. वाचकांसही ती थोडक्यात सांगतो. लायबेरियाच्या ध्वजाचे, १९९७ मध्ये बांधलेले, १८४ मीटर लांबीचे हे फीडर जहाज २३ मे रोजी विळिंजमहून कोचीकडे निघाले होते. कोची अवघे अडतीस सागरी मैल दूर असताना ते एका कुशीवर २६ अंशांनी कलले. वर ६४० कंटेनर होते. टाक्यांत ३६७ टन भट्टीचे तेल आणि ८४ टन डिझेल होते. खलाशी व अधिकारी मिळून चोवीस माणसे : वीस फिलिपिनो, दोन युक्रेनियन, एक जॉर्जियन आणि कप्तान रशियन. तटरक्षक दलाने त्या रात्रीपर्यंत एकवीस जणांना वाचविले. जहाज सावरता येईल या आशेने कप्तानासह तिघे अधिकारी वर थांबले होते. जहाज अधिकच कलू लागल्यावर नौदलाच्या 'सुजाता' या नौकेने त्यांनाही उतरवून घेतले. २५ मेच्या सकाळी जहाज बुडाले. एकही माणूस दगावला नाही.

ही शेवटची ओळ आम्ही आजीला दोनदा वाचून दाखविली.

परंतु समुद्राची आणि किनाऱ्याची सुटका झाली नाही. तेरा कंटेनरांत धोकादायक माल होता. त्यांपैकी बारांत कॅल्शियम कार्बाइड. आंबे पिकविण्यासाठी चोरून वापरतात म्हणून आपण ज्यास नावे ठेवतो तेच हे. पाणी लागले की त्यातून पेट घेणारा वायू निघतो. दुसऱ्या कंटेनरांतून प्लास्टिकचे तांदळाएवढे दाणे सुटले आणि तिरुवनंतपुरमच्या वाळूत येऊन मिसळले; स्वयंसेवक ते चाळण्यांनी गोळा करीत बसले. बुडाल्या जागेभोवती वीस सागरी मैलांत मासेमारी करू नये असे सांगण्यात आले. ऐन हंगामात कोळ्यांची चूल अडचणीत आली. केरळ सरकारने २९ मे रोजी ही राज्याची आपत्ती म्हणून जाहीर केली आणि पुढे उच्च न्यायालयात ९५३१ कोटी रुपयांची भरपाई मागितली. जुलै महिन्यात न्यायालयाने त्याच कंपनीशी संबंधित 'एमएससी अकिटेटा २' हे दुसरे जहाज विळिंजमला अडकवून ठेवण्याचा हुकूम दिला. जहाज कोणत्या बंदरात उभे आहे ही माहिती कायद्याच्याही किती कामाची असते, हे त्यावरून दिसले.

त्याच विळिंजमला ९ जून २०२५ रोजी 'एमएससी इरिना' हे चोवीस हजार कंटेनरांचे जहाज लागले. ट्रक नाक्यावर आला, म्हणून देशभर आनंद झाला, आणि तो योग्यच होता. परंतु नाक्यापासून दारापर्यंत माल आणणाऱ्या हातगाड्यांपैकी कितीतरी जुन्या झालेल्या असतात, बुडाली ती अठ्ठावीस वर्षांची होती, हेही त्या आनंदात विसरता कामा नये.

घरच्यांनी काय करावे

शेजारच्या मुलाचा फोन २६ मे रोजी आला. त्याचे जहाज न्हावा-शेव्याबाहेर नांगरून उभे होते. घरी काय गोंधळ झाला याची त्याला गंधवार्ताही नव्हती. त्याने आईला समजाविले आणि आजीचे हसत हसत बोलणे खाल्ले.

त्या दोन दिवसांनंतर आम्ही मिळून काही नियम ठरविले, ते इतर घरांसाठी येथे देतो. मुलगा ज्या जहाजावर रुजू होईल त्याचा सात आकडी क्रमांक पहिल्याच दिवशी लिहून घ्यावा, आणि वर सांगितलेल्या गुणाकाराने तपासावा. त्याच पानावर कंपनीच्या मुंबई कचेरीचा, रात्री-अपरात्री लागणारा दूरध्वनी असावा. ज्या संस्थेमार्फत नोकरी मिळाली तिच्यापाशी केंद्र सरकारच्या नौवहन खात्याचा भरती-परवाना आहे, हे नोकरी घेण्यापूर्वीच पाहावे. जहाज किती वर्षांचे आहे हे विचारण्यात संकोच नसावा. मुलीचे स्थळ पाहताना आपण याहून कितीतरी अधिक चौकशा करतो. ठिपका दिसेनासा झाला तर प्रवासाचे तास मोजावेत, आणि जहाज पुढच्या बंदरी पोहोचावयास हवे त्या वेळेपर्यंत धीर धरावा. बातमीत नाव ऐकू आले तर आधी क्रमांक पडताळावा, मग रडावे.

शेवटचा नियम आजीचा आहे, आणि तो वहीत तिने स्वतः सांगून लिहवून घेतला. आपल्या मुलाची बोट बरी आहे असे कळले, तरी दुसऱ्या बोटीची बातमी शेवटपर्यंत वाचावी.

आजही संध्याकाळी ती येते. ठिपका पाहून झाला की फोन लगेच मिटू देत नाही. "ही जवळची कोणती रे?" म्हणून आजूबाजूचे दोनचार ठिपके विचारते. आम्ही नावे वाचतो, ध्वज सांगतो, कोठून कोठे चालली ते सांगतो. तिला त्यातले एकही बंदर ठाऊक नाही. सगळ्या बोटी आपापल्या वाटेने सरकत आहेत एवढे पाहून ती काठी घेते आणि उठते.